समुद्रातल्या गोगलगायीचा फोटो



जालना जिल्ह्यातला माणूस समुद्राच्या तळाविषयी बोलू लागला, म्हणजे ऐकणाऱ्याला थोडे नवल वाटणारच. आपल्याकडे पाणी म्हणजे कुंडलिका, दुधना, पूर्णा, दक्षिणेच्या शिवेवरची गोदावरी आणि शेतातली विहीर. विहिरीला मार्चपर्यंत पाणी टिकले तरी आपण नशीब म्हणतो. समुद्र गाठायचा तर चारशे किलोमीटर जावे लागते. त्यातून मी भूगोलाचा एम. ए.; प्राणिशास्त्राचा नव्हे. तरीही आज ज्या प्राण्याविषयी बोलणार आहे त्याची ओळख आपल्याला मुळीच नवी नाही. पावसाळ्यात बांधावर, कढीपत्त्याच्या झाडाखाली, न्हाणीच्या ओल्या भिंतीवर आपण त्याच्या भावकीला रोज पाहतो. ती म्हणजे गोगलगाय.

वरून गरीब दिसणाऱ्या पण आतून बेरकी माणसाला आपण म्हणतो, ‘गोगलगाय न् पोटात पाय’. म्हण माणसाविषयी असली, तरी ती करणाराने प्राणी नीट पाहिला होता हे खास. शास्त्रज्ञांनी या सगळ्या वर्गाला गॅस्ट्रोपोडा असे ग्रीक नाव दिले आहे. त्याचा अर्थ काय? पोट हाच पाय! आपल्या आजीला ग्रीक येत नव्हते, पण निरीक्षण तेच होते. शिक्षक बंधुभगिनींनी वर्गात ही गोष्ट जरूर सांगावी. अवघड नावाची भीती निम्मी तिथेच जाते.

या वर्गातले काही प्राणी समुद्रात राहतात आणि त्यांच्या पाठीवर शंख नसतो. त्यांना समुद्री गोगलगायी किंवा सी-स्लग म्हणतात. त्यांतल्या एका मोठ्या गटाला न्यूडिब्रँक म्हणजे ‘उघड्या कल्ल्यांचे’ असे नाव आहे. या एका गटाच्याच तीन हजारांहून अधिक जाती आजवर नोंदल्या गेल्या आहेत. काही जाती तुरीच्या दाण्याएवढ्या, पुष्कळशा बोटाच्या पेराएवढ्या, तर काही वीतभर किंवा त्याहूनही मोठ्या असतात. आणि रंग म्हणाल, तर पैठणीच्या दुकानात गेल्यासारखे वाटावे: जांभळा, पिवळा, निळा, केशरी, पांढऱ्यावर ठिपके, काठाला वेगळी किनार.

आता प्रश्न असा की शंखासारखे चिलखत टाकून दिलेला, हळू चालणारा, मऊ प्राणी एवढे भडक कपडे घालून समुद्रात जिवंत कसा राहतो? अंड्यातून बाहेर पडते तेव्हा समुद्री गोगलगायीच्या पिलाला इवलासा शंख असतो. मोठे होताना तो गळून पडतो. शंखाच्या जागी ती दुसरी हत्यारे घेते. काही जाती विषारी स्पंज खातात आणि ते विष स्वतःच्या कातडीत साठवतात. काही जाती समुद्रातल्या दंश करणाऱ्या, झाडाच्या फांदीसारख्या दिसणाऱ्या प्राण्यांवर चरतात. त्यांच्या दंशपेशी न फोडता गिळतात आणि आपल्या पाठीवरच्या बोटांसारख्या पिसाऱ्यांच्या टोकांशी नेऊन ठेवतात. म्हणजे शत्रूच्याच तोफा आपल्या बुरुजावर! भडक रंग ही त्याची पाटी: ‘मला खाऊ नका, पस्तावाल.’ आणखी काही हिरव्या जाती शेवाळ खातात, त्यातले हरितद्रव्याचे कण पचवून टाकीत नाहीत, तर अंगात जिवंत ठेवतात. ते कण काही काळ सूर्यप्रकाशात आपले काम करीत राहतात. पान आणि प्राणी यांच्यामधली भिंत इतकी पातळ असू शकते.

मला या प्राण्यांची पहिली ओळख झाली ती मात्र अशी रंगीत झाली नाही. आमच्या महाविद्यालयात प्राणिशास्त्राच्या प्रयोगशाळेत काचेच्या बरण्यांची एक मांडणी आहे. त्यातल्या एका बरणीत फॉर्मालिनमध्ये पांढुरका, उकडलेल्या बटाट्याच्या फोडीसारखा एक गोळा होता आणि वर चिठ्ठी होती: ‘डोरिस’. सहकाऱ्याला मी विचारले, “हे काय आहे?” ते म्हणाले, “सर, हा समुद्रातला अत्यंत सुंदर प्राणी आहे.” मी बरणीकडे पाहिले, त्यांच्याकडे पाहिले, आणि दोघेही हसलो. पण मागे उभ्या असलेल्या एका विद्यार्थ्याने विचारले, “सर, सुंदर आहे हे आम्ही कशावरून मानायचे?” त्याला उत्तर देता आले नाही. माझी पुढची सगळी खटपट त्या एका प्रश्नापायी झाली.

हा प्रश्न जुना आहे. शंख-शिंपले मेल्यावरही वर्षानुवर्षे जसेच्या तसे राहतात, म्हणून त्यांचे संग्रह होऊ शकले. समुद्री गोगलगाय दारूत किंवा फॉर्मालिनमध्ये घातली की आकसते आणि तिचा रंग उडून जातो. ज्यावरून ओळखायची तेच नाहीसे होते. यावरचा एक उपाय आपल्याच देशात योजला गेला. वॉल्टर एलियट नावाचे एक ब्रिटिश अधिकारी होते. 1824 साली कित्तूरच्या लढ्यात राणी चन्नम्माच्या लोकांनी ज्यांना कैदेत ठेवले होते, तेच हे एलियट. पुढे ते पूर्व किनाऱ्यावर विशाखापट्टणमजवळ वाल्टेरला होते. तिथे त्यांनी समुद्री गोगलगायी जमविल्या, आणि त्या जिवंत असतानाच देशी चित्रकाराकडून त्यांची रंगीत चित्रे काढून घेतली. ती चित्रे आणि ते नमुने इंग्लंडात आल्डर आणि हँकॉक या दोन अभ्यासकांकडे गेले, आणि 1864 साली त्यांनी त्यावरून अनेक नव्या जातींचे वर्णन छापले. नमुन्यांचा रंग उडाला होता; चित्रांतला टिकला होता. बरणीने जे गमावले ते कुंचल्याने राखले. आज कुंचल्याची ती जागा कॅमेऱ्याने घेतली आहे.

पाण्याखाली फोटो काढण्याची कल्पनाही काही कालची नाही. लुई बुताँ या फ्रेंच प्राणिशास्त्रज्ञाने 1893 साली भूमध्य समुद्रात असे फोटो काढले. 1926 साली अमेरिकेत लाँगली आणि मार्टिन यांनी पाण्याखालचे पहिले रंगीत फोटो घेतले. पण माणसाला समुद्रात मोकळे हिंडता आले ते 1943 नंतर. त्या साली फ्रान्समध्ये कूस्तो आणि गान्याँ यांनी पाठीवरच्या टाकीतली हवा मागेल तशी तोंडात सोडणारी झडप तयार केली. यालाच पुढे स्कूबा म्हणू लागले.

आपल्याकडे पुष्कळांची समजूत असते की त्या टाकीत प्राणवायू भरलेला असतो. तसे नाही. साधारणपणे आपण घेतो तीच साधी हवा दाबून भरलेली असते. आणि दाबाचे काय, ते विहिरीत सूर मारून तळाचा खडा वर आणणाऱ्या पोरांना विचारा. तळाशी कान दुखतात ना? दहा मीटर, म्हणजे आपल्या मापाने सुमारे सहा परस खोल गेले की अंगावर हवेच्या दाबाइतकाच आणखी एक दाब येतो. तिथे छातीत घेतलेली हवा वर येताना फुगून दुप्पट होते. म्हणून स्कूबाचा पहिला नियम असा की श्वास कधीही रोखायचा नाही, आणि वर यायचे ते सावकाश. विहिरीत बुडी मारताना आपण श्वास कोंडून धरतो. इथे नेमकी तीच सवय जिवावर बेतू शकते. आधी डॉक्टरांकडून प्रकृती तपासून घ्यावी, आणि शिकविणाऱ्याचा हात सोडू नये.

मी हे शिकलो ते मालवण-तारकर्लीला. तारकर्लीला राज्याच्या पर्यटन महामंडळाने स्कूबा शिकविण्याची संस्था काढलेली आहे. समोर समुद्रात शिवाजी महाराजांचा सिंधुदुर्ग उभा आहे. या भागातला सुमारे 29 चौरस किलोमीटरचा टापू 1987 साली सागरी अभयारण्य म्हणून जाहीर झाला. पावसाळ्यात समुद्र खवळलेला आणि पाणी गढूळ. म्हणून इथे उतरायचे दिवस दिवाळीच्या आगेमागे सुरू होतात आणि पावसाच्या तोंडाशी संपतात.

पहिल्या वर्षी मी कॅमेरा नेलाच नाही, आणि कोणी नेऊही नये. पाण्यात स्थिर तरंगायला आले नाही तर हातातल्या कॅमेऱ्याकडे लक्ष देणारा माणूस खालच्या प्रवाळावर पाय देतो. प्रवाळ वाढायला वर्षानुवर्षे लागतात. मोडायला एक लाथ पुरते. दुसऱ्या वर्षी मी लहान कॅमेरा पाणबंद पेटीत घालून उतरलो. तिथे मला भौतिकशास्त्राचे तीन धडे मिळाले. ते शिक्षकांच्या उपयोगाचे आहेत.

पहिला धडा रंगाचा. सूर्यप्रकाशातला तांबडा रंग पाणी आधी गिळते. पहिल्या पाचेक मीटरांतच त्याचा बहुतेक भाग संपतो. मग लाल वस्तू काळपट दिसते आणि सगळे निळसर-हिरवे होऊन जाते. बरणीत उडालेला रंग समुद्रातही डोळ्यांना दिसेना! दिवा लावला मात्र, आणि तो रंग जागच्या जागी उजळला. रंग गेलेला नसतो, तो दाखविणारा प्रकाश पोचलेला नसतो.

दुसरा धडा अंतराचा. पाण्यात वस्तू आहे त्यापेक्षा सुमारे पाव हिश्शाने जवळ दिसते आणि म्हणून मोठी वाटते. घागरीच्या तळाशी नाणे टाकून मुलांना हे दाखविता येते. मी हात पुढे केला की तो प्रत्येक वेळी अलीकडेच थांबायचा.

तिसरा धडा गाळाचा. समोरून दिवा मारला की पाण्यातले कण चमकतात आणि फोटोत जणू बर्फ पडतो. धुळीच्या रस्त्याने रात्री एस. टी. जाताना दिव्यासमोर धुळीची भिंत उभी राहते, तसाच हा प्रकार. यावर उपाय दोन: दिवा बाजूला धरायचा, आणि वस्तूच्या अगदी जवळ जायचे, म्हणजे मधले पाणीच कमी होते.

आता एवढी तयारी झाल्यावर गोगलगाय शोधायची कशी? गाय शोधायची तर चारा कुठे आहे ते पाहावे, तसेच इथे. अमुक जात अमुकच स्पंज खाते, तमुक जात तमुकच प्राण्यावर चरते, असे पुष्कळदा असते. म्हणून जाणते लोक आधी स्पंज शोधतात. कधी खडकावर रिबिनीच्या गुंडाळीसारखी नाजूक चक्री चिकटलेली दिसते. ती तिच्या अंड्यांची माळ. माळ दिसली की आई जवळपास असण्याचा संभव.

मला ती दिसली सुमारे सहा मीटरवर, एका खडकाच्या कपारीत. नखाएवढी. पांढरे अंग, पिवळी किनार, डोक्यावर दोन शिंगे आणि पाठीवर मागच्या बाजूला कल्ल्यांचा झुबका, फुलासारखा. ती शिंगे म्हणजे तिचे नाक. पाण्यातला वास त्यांनी घेते. एवढ्या खटपटीनंतर दिसली, पण तोंड कपारीत. फोटो नीट येईना. मला मोह झाला. मी बोट पुढे करून तिला जरासे उजेडाकडे लोटले. क्षणात शिंगे आत, कल्ल्यांचे फूल आत, आणि समोर उरला एक पांढरा गोळा. तोच, बरणीतला! माझ्या शिक्षकाने माझे मनगट धरून मागे ओढले. वर आल्यावर तोंडातली नळी काढून तो पहिले वाक्य बोलला, “सर, तेका हात लावू नकात. पाणी हलवलात तरी ता मिटता.”

त्याने मला याहून जास्त काही सुनावले नाही, पण मला दिवसभर चुटपुट लागून राहिली. बरणीवाल्यांना मी मनातून हसलो होतो. त्यांनी निदान अभ्यासासाठी प्राणी मारला होता. मी फोटोच्या हव्यासाने एका जिवाला त्याच्या चाऱ्यावरून ढकलले होते. आणि मिळाले काय? फोटो जाणत्यांना दाखविला तेव्हा ते म्हणाले, “शिंगे आणि कल्ले दिसत नाहीत, तर जात कशी सांगायची?” कॅमेऱ्याने मारले नाही हे खरे, पण हात लावला की कॅमेराही आंधळा होतो.

पुढच्या वर्षी दुसऱ्या एका खडकाशी तशीच एक दिसली. या वेळी मी खडकापासून हातभर अंतरावर तरंगत थांबलो. टाकीतली हवा संपत आली तेव्हा ती आपणहून वळली. चार फोटो मिळाले. त्यांतल्या एकात शिंगे, कल्ले, किनार सगळे स्पष्ट आहे. तो फोटो आज प्रयोगशाळेत त्या ‘डोरिस’च्या बरणीशेजारी टांगलेला आहे. त्याखाली आम्ही तारीख, ठिकाण, खोली आणि ‘जात अनिश्चित’ असे लिहिले आहे. ज्या विद्यार्थ्याने प्रश्न विचारला होता तो तोवर पास होऊन गेला होता. त्याला फोटो पाठविला. त्याचे एवढेच उत्तर आले: “सर, आता मानले.”

आपण म्हणाल, आम्हाला कुठे समुद्रात उतरायचे आहे? तर ऐका. समुद्री गोगलगाय पाहायला टाकी लागतेच असे नाही. अमावास्या-पौर्णिमेच्या सुमारास उधाण येते, तशी ओहोटीही मोठी होते, आणि खडकांत साचलेल्या डबक्यांत हे प्राणी घोट्याएवढ्या पाण्यात सापडतात. मुंबईचा तो काळा खडक आपल्या जालन्याच्या खडकाच्याच जातीचा, दख्खनच्या लाव्ह्याचा. तिथे 2017 पासून ‘मरीन लाइफ ऑफ मुंबई’ या नावाने जमलेले हौशी लोक ओहोटीच्या वेळी हिंडतात, फोटो काढतात आणि नोंदी ठेवतात. त्यांतले सगळेच काही शास्त्रज्ञ नाहीत. एका समुद्री गोगलगायीच्या तर शास्त्रीय नावातच मुंबई आहे. विंकवर्थ यांनी 1946 साली तिला दिलेले ‘बॉम्बेयाना’ हे नाव थोड्या फरकाने आजही चालू आहे. सहल मुंबईला गेली, तर राणीचा बाग पाहून झाल्यावर एक ओहोटीही मुलांना दाखवावी, मात्र जाणता माणूस बरोबर घेऊन आणि भरतीची वेळ पाहून.

या नोंदींची किंमत काय? जी गोगलगाय एकाच स्पंजावर जगते, ती तो स्पंज गेला की जाते. स्पंज जातो तो सांडपाण्याने, गाळाने, भरावाने. म्हणजे या नखाएवढ्या प्राण्याची हजेरी ही किनाऱ्याच्या प्रकृतीची हजेरी आहे. पण काल कोण हजर होते हे लिहिलेच नसेल, तर आज कोण गैरहजर आहे हे कळणार कसे? हजेरीपटाचे महत्त्व शिक्षकांना मी काय सांगावे!

शिक्षकांसाठी आणखी एक गोष्ट. समुद्रससा नावाची एक मोठी समुद्री गोगलगाय आहे. तिच्या सगळ्या मज्जासंस्थेत मिळून वीस हजारांच्या आसपासच पेशी असतात, आणि त्यांतल्या काही फार मोठ्या असतात. तिच्यावर प्रयोग करून एरिक कँडेल यांनी आठवण कशी तयार होते ते दाखविले. 2000 साली त्यांना इतर दोघांबरोबर नोबेल पारितोषिक मिळाले. त्यांना आढळले की एकाच बैठकीत पुष्कळ धडे देण्यापेक्षा थोडे थोडे, मध्ये अंतर ठेवून, काही दिवस दिलेले धडे तिच्या लक्षात दीर्घकाळ राहतात, आणि तेव्हा पेशींमध्ये नवे दुवे जुळतात. परीक्षेच्या आदल्या रात्री घोकंपट्टी करणाऱ्या मुलांना हे जरूर सांगा.

शेवटी आपल्या शेताकडे वळू. 2022 च्या पावसाळ्यात लातूर, बीड, धाराशिव या जिल्ह्यांत शंखी गोगलगायींनी सोयाबीनची कोवळी रोपे खाऊन फडशा पाडला. दुबार पेरणी करावी लागलेल्या शेतकऱ्याला मी ‘गोगलगाय किती सुंदर’ असे सांगणार नाही. त्याने संध्याकाळी त्या वेचून मिठाच्या किंवा साबणाच्या पाण्यात टाकाव्यात, हेच योग्य. पण बांधावरची प्रत्येक गोगलगाय ती नव्हे. कोणती पिकाची वैरी आणि कोणती नुसता पालापाचोळा खाणारी, हे आधी ओळखले पाहिजे, आणि ओळखायला नीट फोटो फार उपयोगी पडतो. आज बहुतेक घरांत फोन आहे. पहिल्या पावसानंतर मुलांना बांधावर न्या. नियम तेच, समुद्रातले: जवळ जा, उजेड बाजूने येऊ द्या, हात लावू नका, थांबा. शिंगे बाहेर आली की फोटो घ्या. खाली तारीख, गाव आणि कोणत्या झाडावर सापडली ते लिहा. नाव माहीत नसेल तर ‘अनिश्चित’ असे लिहायला लाजू नका. दोन-चार वर्षांत शाळेपाशी आपल्या शिवाराचा हजेरीपट तयार होईल.

मुलांना थांबणे जड जाते, ते मलाही गेले. पण गोगलगाय घाई करीत नाही, आणि तिचा फोटो हवा असेल तर आपल्यालाही करता येत नाही.